एका भावासाठी प्रार्थना

आमच्या शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीत माझी प्रार्थना चांगली होते, असं सगळे म्हणत. मंडळी लहान. एवढ्याशा लोकांत कोण पेटी वाजवतो, कोण शास्त्र चांगलं वाचतो, कोणाच्या घरचा चहा पातळ असतो, हे सगळं ठरलेलं. माझ्या वाट्याला प्रार्थना आली होती. एरवी मी कमी बोलणारा माणूस. रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. तिथं दिवसभरात "सही करा" आणि "उद्या या" यापलीकडं माझ्या तोंडून फारसं काही निघत नाही. घरीही तेच. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं तर आधी तुम्हाला डोळे मिटायला सांगावं लागेल. तिचं खरं आहे. डोळे मिटून हात जोडले की मला शब्द सापडायचे. आजाऱ्याच्या खाटेजवळ, नव्या घरात, कबरस्तानात. ऐकणारी माणसं रडायची आणि मला ते आवडायचं. मला ते आवडायचं, एवढं साधं वाक्य लिहायला माझी बरीच वर्षं गेली.

दर बुधवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी सभा असते. गाणं होतं, वचन होतं, मग प्रार्थनेच्या विनंत्या. त्यात दुसऱ्याच्या अडचणीसाठी मागायचं असेल तर नाव घेत नाहीत. 'आपली एक बहीण', 'आपला एक भाऊ' असं म्हणायचं. पण मंडळीत घरं किती? 'आपली एक बहीण जिच्या सुनेनं माहेर धरलं आहे' म्हटलं की उरलं काय? नाव न घेतल्यानं मान राखल्याचं समाधान मिळतं आणि बातमीही पोचते. आम्ही सगळेच हे करत आलो. मी ते सगळ्यांपेक्षा चांगलं करायचो.

माझा एक मित्र होता. होता म्हणू की आहे, ते मलाच नक्की सांगता येत नाही. मूळचा वडगाव रासाईचा, शाळेपासून आम्ही एका बाकावरचे. शिरूरला त्याचं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान होतं आणि रविवारी चर्चमध्ये तो पेटीवर बसायचा. त्याची बायको दीर्घ आजारानं गेली. तिच्या खाटेजवळ मी कितीदा प्रार्थना केली. शेवटच्या दिवसांत तर तिनंच मला बोलावून घेतलं होतं. ती गेल्यावरही त्यानं एकही रविवार चुकवला नाही.

उपासना सुटली की आम्ही दोघं घोड नदीच्या पुलापर्यंत चालत जायचो. अशाच एका दुपारी कठड्याला टेकून तो म्हणाला, "एक सांगू? हसू नको."

"सांग."

"ती गेल्यापासनं प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यागत वाटतंय. पलीकडं कुणी हाय का न्हाई, कायबी कळंना. पेटी वाजवतो तेवढा वेळ बरं वाटतं. थांबली की पुन्हा भिंत."

मी त्याच्या शेजारी कठड्याला टेकलो. त्याला तेच हवं होतं बहुतेक.

"ह्ये तुझ्यापाशीच ठेव," तो म्हणाला. "पाळकसाहेबाला तर सांगूच नको. लगेच एक पुस्तक देईल वाचायला."

आम्ही दोघंही हसलो. परत येताना त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला होता.

पुढच्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मला चर्चच्या पायरीवर थांबवलं. ते वयानं आमच्यापेक्षा बरेच लहान. मला भाऊ म्हणतात. म्हणाले, "भाऊ, मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांची एक जागा रिकामी आहे. तुमच्या दोस्ताचं नाव सुचवावं म्हणतो. एवढं दुःख सोसून माणूस सेवेला उभा आहे. कुठं बोलू नका अजून. तुम्हाला आनंद होईल म्हणून सांगितलं."

"फार चांगलं झालं," मी म्हणालो.

माझे वडील त्याच चर्चची घंटा वाजवायचे. झाडलोट, दिवे, बाकं पुसणं, सगळं त्यांच्याकडं. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर आणि द्राक्षरसाचे प्याले वाटताना मंडळीचे वडील पुढं खुर्च्यांवर बसायचे, तेव्हा माझे वडील दोरी धरून दाराशी उभे. लहानपणी मला वाटायचं, एक दिवस त्या खुर्चीवर मी बसेन. मोठेपणी असं काही वाटत नाही, असं मी मानून चाललो होतो. पायरीवरून घरी येईपर्यंत कळलं की आतल्या आत मी त्या खुर्चीवर केव्हाच बसलेलो होतो आणि आता मला कोणीतरी उठवत होतं.

त्या बुधवारची सभा मावशींच्या घरी होती. मावशी म्हणजे मंडळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाई. आयुष्यभर नर्स होत्या, आमची निम्मी मंडळी त्यांच्या हातांवर जन्मलेली. गुडघ्यांमुळं त्यांना चालवत नाही म्हणून अलीकडं सभा बहुधा त्यांच्याकडंच होते. मित्र भिंतीला पाठ टेकून पेटी घेऊन बसला होता. विनंत्या झाल्या. पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, तुम्ही चालवा."

मी आजाऱ्यांसाठी मागितलं, परीक्षेच्या पोरांसाठी मागितलं. मग म्हणालो, "हे दयाळू पित्या, आपला एक भाऊ दुःखाच्या अंधारात आहे. सोबतीण गेल्यापासून त्याचा विश्वास विझला आहे. त्याचे हात तुझ्या सेवेत आहेत, पण अंतःकरण तुझ्यापासून दूर गेलं आहे. त्याची हाक भिंतीवर आपटून परत येते. प्रभू, त्यानं वरवरची सेवा करू नये म्हणून त्याला विसावा दे."

त्याची भिंतसुद्धा मी उचलली. विश्वास विझला असं तो कधी म्हणाला नव्हता. ते माझं. आणि 'विसावा दे' हे तर मी तिथं यायच्या आधीच ठरवून आलो होतो. आवाज मात्र माझा भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता. ह्याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. रडू खरं होतं आणि त्याच्याच आडोशानं मी माझं काम उरकत होतो.

सगळ्यांनी आमेन म्हटलं. शेवटचं गाणं त्यानंच वाजवलं. सूर एकही चुकला नाही.

चहा झाला तेव्हा मावशी त्याच्याजवळ सरकल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाळा, असं मनात आणू नको रे. येशूला सोडून कुठं जाशील?" तो म्हणाला, "सोडलं न्हाई मावशी." पण तोवर दुसऱ्या कोणीतरी त्याचा हात धरला होता. दर रविवारी कोणी ना कोणी त्याला बाजूला घेऊन धीर देऊ लागलं. रविवारच्या शाळेत तो मुलांना गाणी शिकवायचा. मुलांच्या आया म्हणाल्या, त्याला थोडी विश्रांती द्या. पाळकसाहेबांनी त्याला खरंच एक पुस्तक दिलं. वडिलांच्या जागेसाठी त्याचं नाव पुन्हा निघालं नाही. पाऊस संपता संपता त्यानं दुकान आवरलं आणि दौंडला मुलीकडं राहायला गेला. जावई रेल्वेत आहे. निघताना माझ्या घरी आला, चहा प्यायला, म्हणाला, "तिकडं पोरगी हाय, बरं पडंल." बाकी काही नाही.

मग माझं नाव आलं. आमच्याकडं रीत आहे, वडील नेमायच्या आधी लागोपाठच्या रविवारी नाव पुकारून विचारतात, कोणाची हरकत आहे का. कोणाचीच नव्हती. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारी, प्रभुभोजन होतं आणि त्याच दिवशी डोक्यावर हात ठेवून मला वडील नेमायचं ठरलं.

नाव पहिल्यांदा पुकारलं त्या दिवशी दुपारी जेवताना बायको म्हणाली, "त्या बुधवारी मावशींकडं तुम्ही डोळे उघडले होते."

"कुठल्या बुधवारी?"

"माहीत आहे तुम्हाला कुठल्या. प्रार्थना करता करता तुम्ही भाऊजींकडं बघितलं. त्यांना लागलं का, ते बघितलंत."

"म्हणजे तुझेही डोळे उघडेच होते."

"माझे उघडेच असतात. कोणाच्या घरी गेलं तरी गॅसवर दूध असतंच." तिनं भाकरी वाढली. "मला काही म्हणायचं नाही. तुम्हीच बघा."

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. मी अंतःकरण शुद्ध करायला घेतलं. घेतलं म्हणजे एखादं काम घ्यावं तसं. चहा सोडला. पहाटे उठून गुडघ्यांवर बसू लागलो. कंपनीत एकाशी अबोला होता, त्याच्याशी आपणहून बोललो. लहानपणी वडिलांचे पैसे चोरले होते, तेसुद्धा देवापुढं मांडलं. जे टोचत होतं तेवढं सोडून बाकी सगळं मी कबूल केलं. घर झाडताना एखादं माणूस कपाट सरकवत नाही, त्याच्या भोवतीनंच झाडत राहतं, तसं चाललं होतं.

अशात पाळकसाहेबांनी निरोप दिला. झावळ्यांच्या रविवाराआधीच्या बुधवारी मावशींच्या घरी प्रभुभोजनाच्या तयारीचा संदेश मी द्यायचा. विषय त्यांनीच दिला: सेवकाचं शुद्ध हृदय. मी संदेश लिहायला बसलो. चांगला होत होता. कोणत्या वाक्याला मावशी पदर डोळ्यांना लावतील तेही दिसत होतं. तिथंच हात थांबला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि दौंडची एसटी पकडली. गाडीत खिडकीशी बसून मी त्याला काय सांगायचं ते जुळवत होतो. निमोणं गेलं. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत होती. इनामगाव येईपर्यंत माझी कबुली तोंडपाठ झाली होती. सुरुवात, मधला हुंदका, शेवट. खोड इतकी मुरलेली.

तो मुलीच्या घरापुढं पत्र्याच्या शेडमध्ये मशीनवर बसला होता. रिक्षाच्या सीटचं रेक्झिन शिवत होता. मला बघून पाय थांबवला.

"सलाम. वडीलसाहेब आलं."

"अजून नाही झालो."

"रविवारी हाय म्हणं. पोरीनं फेसबुकवर वाचलं." त्यानं पायानंच स्टूल माझ्याकडं सरकवलं. "बस. आमच्याकडं खुर्ची न्हाई, तुला आता चालंल का न्हाई काय म्हाईत."

मी बसलो. म्हणालो, "मी तुझी क्षमा मागायला आलोय. त्या दिवशी तुझ्या दुःखाच्या घडीला मी, देवापुढं नम्र होऊन..."

"थांब, थांब." तो म्हणाला. "प्रार्थना करू नको. बोल."

मग बोलता येईना. तो परत शिवायला लागला. मशीनच्या आवाजात मी कसंबसं म्हणालो की तू पुलावर सांगितलेलं मी सगळ्यांत फोडलं.

"त्ये मला म्हाईत हाय की. मी तिथंच बसलो हुतो." त्यानं दोरा तोडला. "राग आला हुता. मग म्हटलं, ह्याचं तोंड एकदा सुटलं की ह्याला भान राहत न्हाई. तिच्यासाठी किती रडलास तू. मायेनंच निघालं असंल. जाऊ दे. कवाच सोडून दिलं ते."

इथं मी उठून आलो असतो तर चाललं असतं. क्षमा मिळाली होती, चहा येत होता. तिथं बसल्या बसल्या मला तो मोह झाला, हेही लिहितो.

"मायेनं नाही निघालं," मी म्हणालो. "पाळकसाहेब तुझं नाव वडील म्हणून सुचवणार होते. मला त्यांनी आधी सांगितलं होतं. ते ऐकल्यावर मी तशी प्रार्थना केली. तुझं नाव मागं पडावं म्हणून."

त्याचं तोंड मी आजवर असं पाहिलं नव्हतं. बायको गेली तेव्हाही नाही. तो रेक्झिनवरून हात फिरवत राहिला.

"मला नाव-बीव कायबी म्हाईत न्हवतं," तो म्हणाला.

"मला वाटलं तुला कळलं असेल."

"न्हाई." मुलगी चहा घेऊन आली, ठेवून आत गेली. "मग ह्ये मला कशाला सांगितलंस? मी तर बरा हुतो. मंडळी गेली, पेटी गेली, पण म्हटलं एक माणूस मायेचा हुता, चुकला बिचारा. आता तेबी ऱ्हायलं न्हाई. तू मोकळा झालास व्हय?"

"नाही."

"झालं असंल थोडं. त्याच्याबिगर कुणी गाडीभाडं घालून येत न्हाई." त्यानं कप माझ्याकडं ढकलला. "चहा घे."

"सोडलाय. उपवासकाळ."

"असूं दे मग," तो म्हणाला आणि माझा कपही त्यानंच पिऊन टाकला. मी उठलो तेव्हा वर न बघता म्हणाला, "माझ्यापाशी सांगून काय उपेग? मी काय तिथं आमेन म्हटलं न्हवतं. ज्यांनी म्हटलं त्यांना सांग. त्याच घरात. आन् डोळं उघडं ठेवून सांग, न्हाईतर पुन्हा गाणं करशील त्याचं."

बुधवारी मावशींच्या घरी गाणं झाल्यावर पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं. मी संदेशाचा कागद आणलाच नव्हता. उभा राहिलो आणि जे दौंडला सांगितलं तेच सांगितलं. डोळे उघडे होते, त्यामुळं शब्द सापडत नव्हते. अर्धवट वाक्यं निघाली. समोरच्या बाईच्या मांडीवरचं पोर माझ्याकडं बघून हसत होतं.

मी थांबल्यावर पाळकसाहेब उठले. त्यांचे डोळे भरले होते. "केवढी ही नम्रता," ते म्हणाले. "भाऊंनी आज आपल्याला शुद्ध हृदयाचा जिवंत धडाच दिला. आपण आपल्या भावासाठी..." दोन-तीन जणांनी मान डोलावली. कोणीतरी हळूच "प्रभूची स्तुती" म्हटलं. आणि मला आतून बरं वाटलं. तेवढ्यातही बरं वाटलं. माझ्यातली ती चटक तिथंसुद्धा तोंड उघडून बसली होती.

"पाळकसाहेब, नको," मी म्हणालो. "ह्यावर प्रार्थना नको. धडा-बिडा काही नाही. त्याचा विश्वास विझला नव्हता. तो दुःखात होता, आणि ते त्यानं एकट्या मला सांगितलं होतं. मी तुमच्या हातून त्याला बाजूला सारलं. मला वडील करू नका."

मग कोणी मान डोलावली नाही. मावशी पलंगावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी त्याला जे बोलले, येशूला सोडू नको म्हणून, ते तू बोलवलंस माझ्याकडून."

"हो, मावशी."

"त्याच्या बायकोचं अंग मी पुसलंय शेवटी. आणि त्यालाच मी विश्वास शिकवला." त्यांचा आवाज चढला नाही. "खाली बस. तुझ्याकडं बघवत नाही मला."

मी बसलो. बायको माझ्या शेजारी सरकली नाही, दूरही गेली नाही. सभा प्रार्थनेशिवाय उठली. चहाही झाला नाही.

शुक्रवारी मावशी गाडी करून पाळकसाहेबांबरोबर दौंडला निघाल्या. मी फाटकाशी गेलो आणि म्हणालो, मीही येतो. "तू नको," त्या म्हणाल्या. "तू आलास की पुन्हा सगळं तुझंच होईल. आम्हाला आमची माफी मागू दे." गाडी गेली. मी तिथंच उभा राहिलो. तोवर मला वाटत होतं की ह्या सगळ्यात पाप माझं एकट्याचं आहे, म्हणून त्याचा निवाडाही माझाच. त्या दोघांना मी कशात ओढलं होतं ते त्या गाडीकडं बघताना कळलं.

झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं की आज वडिलांची नेमणूक होणार नाही. कारण सांगायची गरज नव्हती. प्रभुभोजन मात्र होतं. दौंडहून तो आला होता. मुलीबरोबर मागच्या बाकावर बसला. लोकांनी सलाम केला तर त्यानं सलाम केला. पेटीवर दुसरं कोणी होतं आणि सूर चुकत होते.

आमच्याकडं प्याल्यांचं ताट बाकाबाकातून हातोहात फिरतं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी प्याला न उचलता ताट पुढं दिलं. भावाशी समेट झाल्याशिवाय घ्यायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं. वळून बघितलं तर त्यानं प्याला घेतला होता.

बाहेर झावळ्या घेऊन मुलं पळत होती. तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"का न्हाई घेतलंस?"

"तू अजून माफ केलं नाहीस."

"म्हंजी मी केलं की तू घेणार." तो माझ्याकडं सरळ बघत होता. "माझा राग हाय. राहील. कधी जाईल मला म्हाईत न्हाई. पण त्याच्या आड बसून तू पुन्हा लोकांना तोंड दाखवू नको, बघा मी कसा पश्चात्तापी म्हणून. प्याला काय मी देत हुतो व्हय तुला?"

मी दारातून आत ठेवलेल्या ताटाकडं बघितलं.

"पोरीला दुपारची गाडी धरायची हाय," तो म्हणाला, आणि मावशींना सलाम करायला आत गेला.

त्यानंतर तो दोनदा आला आहे. माझ्याशी कामापुरतं बोलतो. बुधवारी मला कोणी प्रार्थना चालवायला सांगत नाही, आणि सांगू नये असं मीच पाळकसाहेबांना विनवलं आहे. पुढच्या प्रभुभोजनाला मी प्याला घेतला. हात थरथरत होता. शेजारच्याला दिसू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला. मग वाटलं, दिसला तर दिसू दे, आणि एक हात काढून घेतला.